पिंप्राळ्यातला समुद्र

होळी झाली की जळगावात, पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कूलर खाली उतरतात. कुणाचा गच्चीवरून, कुणाचा माळ्यावरून. वर्षभराची धूळ झटकायची, बाजूच्या जाळ्यांत नवं गवत भरायचं, आणि टाकीत पहिली बादली ओतली की त्या ओल्या गवताचा वास गल्लीभर सुटतो. बाहेरगावच्या माणसाला त्यात काहीच वाटणार नाही. आम्हा जळगावकरांना मात्र तो वास बजावून सांगतो, की बाबा रे, आता तीन महिने बाराच्या आत घर गाठ, डोक्याला रुमाल बांध आणि उगाच कुणावर डोकं तापवू नकोस. यातलं शेवटचं आम्ही कुणीच पाळत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या शांतिलालजींच्या कूलरला नवं गवत बसलं. वास खिडकीतून आत आला, आणि मला अक्का आठवली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शिंदखेड्याला असते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. दर उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस ती माझ्याकडे यायची. दोन वर्षं झाली, आली नाही. का आली नाही, ते मला ठाऊक आहे. तिने पुन्हा यावं, एवढी एकच गोष्ट मला या वयात हवी आहे, आणि ती माझ्या हातात नाही. होती तेव्हा मी ती घालवली.

पण ते सांगायचं तर आधी समुद्राचं सांगायला हवं.

माझ्या घरात समुद्र आहे. हसू नका, कॉलनी हसून दमली आहे. आतल्या खोलीत तीन फूट लांबीची काचेची पेटी आहे, तिच्यात खारं पाणी, दगड, दोन केशरी मासे, काही गोगलगायी, एक कोळंबी आणि पोवळी. पोवळी म्हणजे अंगठीतला लाल खडा नव्हे. जिवंत पोवळी, वाढणारी, दिवसा फुलणारी. शांतिलालजी किराणा दुकानदार, पक्के जैन. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तापीकाठच्या माणसाने विकतचं मीठ घालून समुद्र करायचा, हे काही आपल्याला झेपलं नाही. पण जीव नीट सांभाळा हं." ते मला सर म्हणतात, पण मी सर नाही. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. मुलांना बाटल्या द्यायच्या, फुटलेल्या नळ्या मोजायच्या, द्रावणं तयार ठेवायची. निवृत्त झालो आणि घरी येऊन बसलो तर हाताला काम नाही. लग्न तेवढं जमलं नव्हतं, मग काही वर्षांनी मीच जमवायचं सोडलं.

मला कडक मंगळ आहे म्हणे. अक्काने धुळ्याच्या एका ज्योतिषाला पत्रिका दाखवली होती, त्याने पोवळं घालायला सांगितलं. अक्काने स्वतःच्या जमवलेल्या पैशांतून चांदीत मढवून अंगठी आणली. मी ती दोन महिने घातली आणि आम्लाच्या बाटल्या हाताळताना त्रास होतो म्हणून काढून ठेवली. पुढे ही पेटी घरात आली, त्या वर्षी अक्का बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोटमा घालाले सांगं व्हतं तुले, तू पेटीमा घाली बसना!" आणि स्वतःच इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. आमच्या घरात आम्ही अहिराणीच बोलतो. कॉलेजात, बँकेत, शांतिलालजींशी मी पुस्तकी बोलत असेन. अक्काशी बोलताना माझी जीभ आपोआप घरी यायची.

रविवार हा पाणी बदलायचा दिवस. शनिवारी संध्याकाळी मोठ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये फिल्टरचं पाणी भरायचं, त्यात समुद्री मिठाची पूड घालायची, एक छोटा पंप सोडून ते फिरत ठेवायचं. सकाळी खारटपणा मोजायचा, दोन्हीकडचं तापमान जुळवायचं, मग पेटीतलं वीस लिटर पाणी नळीने काढायचं आणि नवं वीस लिटर हळूहळू आत सोडायचं. धबाधबा ओतलं तर पोवळी मिटतात, नाजूक पाहुण्यासारखी. काढलेल्या पाण्याला समुद्रकिनाऱ्यासारखा वास येतो. मी ते लगेच फेकत नाही. बादलीशेजारी पाटावर बसून थोडा वेळ तो वास घेतो. आता खरं सांगायला लाज कसली, रविवारी माझ्याकडे दुसरं कुणी यायचं नसतं.

आणि रोज वेगळी एक भर घालावी लागते, ती गोड्या पाण्याची, शेजारच्या दुसऱ्या ड्रममधल्या फिल्टरच्या पाण्याची. हे लोकांना पटत नाही. समुद्र कमी झाला तर समुद्रच घालायला हवा ना? पण उन्हात उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. खारं पाणी घालत राहिलात तर महिन्याभरात पेटीत लोणचं होईल. इतर वेळी रोज दोन लिटर पुरतात, वैशाखात पाच-सहा लागतात. बाहेर पंचेचाळीस अंश असताना पेटीत सव्वीस ठेवायचे, म्हणजे काय कसरत असते ते ज्याचं त्याला ठाऊक. घरात एसी एकच, तो पेटीच्या खोलीत. शांतिलालजी म्हणतात, एसी माशांचा, तुम्ही त्यांच्याकडे भाड्याने. तेही खरंच आहे.

या सगळ्यात माझा जीव होता तो एका फांदीवर. मुंबईच्या एका हौशी गृहस्थाने त्याच्या पेटीत वाढवलेल्या पोवळ्याची ती कांडी होती, करंगळीएवढी. समुद्रातून तोडलेली नव्हे, घरी वाढलेली. फिकट जांभळा रंग, अंगभर बारीक ठिपके, आणि दिवे लागले की प्रत्येक ठिपक्यातून एक इवलंसं हिरवट फूल बाहेर. फूल म्हणायचं, खरा तो एक प्राणी. पाण्यातला चुना ओढून घेतो आणि आपल्यापुरती भिंत बांधतो, शेजारचाही तेच करतो, आणि सगळ्यांची मिळून फांदी होते. महिनाभरात वाढ किती, तर नखाएवढी. ती वाढ डोळ्याला दिसत नाही. म्हणून मी दर महिन्याला काचेवर मेणाच्या पेन्सिलीने एक रेघ ओढायचो. शाळकरी पोरांची उंची आया दारावर मोजतात, तसं. पाच वर्षांत करंगळीची ओंजळ झाली. तेरा फांद्या. कुणाला सांगणार? शांतिलालजींना एकदा सांगितलं, तर म्हणाले, "वा! मग आता पुढे काय?" पुढे काहीच नसतं. पुढे आणखी एक नख.

दोन वर्षांपूर्वी, चैत्र संपता संपता, डोळ्याच्या डॉक्टरने उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला सांगितला. डाव्याचाही होताच, तो नंतर. सगळे म्हणाले, थंडीत कर, उन्हाळ्यात जखम चिघळते. मी प्रयोगशाळेतला माणूस. मी म्हटलं, ह्या जुन्या समजुती. करूनच टाकलं. डॉक्टरने बजावलं, की पंधरा दिवस वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि त्या निळ्या झगमगत्या दिव्यांच्या खोलीत तर पाऊलही टाकायचं नाही. झालं! पेटी कोण बघणार?

फोनवर मी अडखळत होतो, तर अक्काने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "येस मी," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरत लाइनच्या पॅसेंजरने स्टेशनात उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या जाड पापडांचा, डबा, डोक्यावर ओला टॉवेल. वय सत्तरीच्या पुढे. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडून, जिंकून आली.

मी तिच्यासाठी अकरा नियम लिहून ठेवले होते, जाड अक्षरात. दिवे कधी लावायचे, कधी घालवायचे. चिमूटभर खाणं, जास्त नाही. साबणाचा हात पेटीत नको. अत्तर, उदबत्ती, डासांची फवारणी त्या खोलीत नको. काचेवरच्या खुणेच्या खाली पाणी गेलं की गोडं पाणी घालायचं. घालायचं पाणी गार असावं. रविवारचं पाणी बदलणं शांतिलालजींच्या दुकानातला नोकर येऊन करणार होता, बाकी सगळं अक्काकडे. ती चौथीपर्यंत शिकलेली. नियम तिने बोट ठेवून दोनदा वाचले आणि देवघराच्या भिंतीला चिकटवले. "भाऊ, तू गपचूप पडी ऱ्हाय. मी करस बठ्ठं."

तिने खरंच सगळं केलं. मी बाहेरच्या खोलीत काळा चष्मा लावून पडलेलो, उंटावरून शेळ्या हाकत. "अक्का, दिवे लायात का?" "लायात." "खाणं दिनं का?" "दिनं रे बाबा, तुले आधी देऊ का त्यास्ले?" आतून तिचा आवाज यायचा, ती त्या माशांशी बोलायची. एकाचं नाव तिने ठेवलं होतं नाना, दुसऱ्याचं नानी. नाना जास्त खातो म्हणून त्याला रागवायची. दुपारी ऊन रणरणत असायचं, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि माझ्या घरात मात्र भांडी वाजत होती, कुणीतरी शिंकत होतं, कढीला फोडणी बसत होती. सकाळी सातच्या आत ती गच्चीवर बिबडे घालून यायची. मला डोळ्यांत थेंब घालताना माझी हनुवटी धरायची, आणि मी साठीचा बाप्या निमूट मान वर करायचो. आमची माय गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. अक्काचं लग्न ठरलेलं होतं, तिने ते वर्षभर पुढे ढकलायला लावलं. हनुवटी धरायची तिची पद्धत तेव्हापासूनची. त्या बारा दिवसांत मला एकदाही एकटं वाटलं नाही, आणि तसं वाटत नाही हेसुद्धा मला तेव्हा कळलं नाही.

आल्या दिवशीच तिने माळ्यावरून आमच्या मायचा तांब्याचा हंडा काढला. "हाऊ काय दवाखाना शे का, फिल्टरनं पानी पेवाले?" मी म्हटलं, फिल्टरचंच पाणी हंड्यात भर, म्हणजे तुझंही राहील, माझंही. तिने चिंच आणि मीठ लावून हंडा घासला. सोन्यासारखा झाला. त्याभोवती ओलं फडकं गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. रोज सकाळी पुन्हा चिंच, पुन्हा लखलखाट. त्यातलं पाणी असं गार आणि गोड लागायचं, की मी दोन-दोन ग्लास प्यायचो आणि वर म्हणायचो, "अक्का, फ्रीजच्या तोंडात मारलंस!"

चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, आज फुलं झोपेलच शेतस रे."

मी म्हटलं, उकाडा आहे, मिटतात कधीकधी.

मग म्हणाली, काच चाटणारी एक गोगलगाय उलटी पडली आहे. मी म्हटलं, सरळ करून ठेव. तिने चमच्याने सरळ केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पडली, सोबत आणखी दोन. "बिचारी दमी गयी व्हई," ती म्हणाली. लाल पट्ट्याची कोळंबी कुठे दिसत नाही, हेही तिने सांगितलं. मी म्हटलं, कात टाकायला लपली असेल. रोज काही ना काही ती सांगत होती, आणि रोज मी चष्म्यामागून शहाणपण शिकवत होतो. उठून चार पावलं आत गेलो असतो, तर एका डोळ्याने का होईना, दिसलं असतं. पण डॉक्टरचं ऐकायचं म्हणून ठरवलं होतं ना! आयुष्यात एवढं कुणाचं ऐकलं नाही मी.

बाराव्या दिवशी डॉक्टरने तपासलं आणि तीन दिवस आधीच मोकळीक दिली. दवाखान्यातून आलो तो सरळ आतल्या खोलीत. नाना-नानी मजेत होते. मागे माझी ओंजळ. तेरा फांद्या, आणि सगळ्या पांढऱ्याफटक. जांभळा रंग नाही, हिरवं फूल नाही. नुसती हाडं. त्यांवर शेवाळाची पहिली तपकिरी छटा धरू लागली होती.

मी खारटपणा मोजला, बरोबर. चुना मोजला, बरोबर. तापमान बरोबर, प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. कोपऱ्यात हंडा. हंड्यात फिल्टरची नळी सोडलेली. आणि शेजारी, ओट्यावर, पेटीत पाणी घालायचा प्लॅस्टिकचा मग उपडा ठेवलेला, स्वच्छ धुऊन.

तांबं. पोवळं, गोगलगाय, कोळंबी, यांना तांब्याचा अंशसुद्धा विष. माशांना तेवढं बाधत नाही, म्हणून नाना-नानी हिंडत होते. फिल्टरचं पाणी, सगळे क्षार काढलेलं, मुळात भुकेलं, भांड्याचं जे मिळेल ते खातं. त्यात रोज चिंचेने उघडं केलेलं तांबं, त्यात रात्रभर मुक्काम. रोजचे पाच-सहा लिटर, बारा दिवस.

"अक्का, पेटीत पाणी कुठलं घालत होतीस?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता, कौतुकाची वाट बघत असल्यासारखी म्हणाली, "हंडानंच ना. त्या डरमनं पानी कोमट व्हई जास. तू लिखेल शे ना, गार पाहिजे. रातभर हंडामा ऱ्हायनं का कसं थंडगार व्हस. बठ्ठास्नं आधी त्यास्ले, मंग आपले."

आधी त्यांना, मग आपल्याला. घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी तिने त्यांना दिलं होतं.

हे मला आज दिसतं. तेव्हा मला तेरा पांढऱ्या फांद्याच दिसत होत्या. मी म्हणालो, "तुला कुणी सांगितला होता हा नसता शहाणपणा? विचारता येत नव्हतं? पाच वर्षं वाढवलं होतं मी ते. पाच वर्षं! तू बारा दिवसांत मारून टाकलंस."

असं पुस्तकी मराठीत बोललो. जन्मात कधी अक्काशी त्या भाषेत बोललो नव्हतो. फुटलेल्या नळीबद्दल पोरांना झापायचो ना, तोच आवाज, तीच वाक्यं. अक्का उठून उभी राहिली. हाताला पीठ तसंच. प्राचार्यांच्या खोलीत उभं राहावं तशी उभी होती माझी बहीण. आणि तिनेही मला तसंच उत्तर दिलं, एकेक शब्द जुळवत, "हो. माझं चुकलं. मला माहिती नव्हतं."

तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? नाही. मी म्हणालो, "माहिती नव्हतं तर हात लावायचा नाही."

तिने तव्यावरची भाकरी उतरवली, ताट वाढलं, झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, थेंब चार वेळा घालत जा, विसरू नको. गाडी हलली.

घरी येऊन मी काय केलं, तर बैल गेला आणि झोपा केला. कोळसा आणला, तांबं ओढून घेणारी पूड मागवली, दहा दिवस रोज वीस लिटर पाणी बदललं. ते करता करता, बादल्या उचलता उचलता, डोकं हळूहळू गार होत गेलं आणि तेव्हा मला ते दिसलं. माझ्या अकरा नियमांत तांब्याचा नियम नव्हता. साबण होता, अत्तर होतं, उदबत्ती होती. तांबं नव्हतं. मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्याच क्षाराची, निळी बाटली मी एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने फडताळात लावली. चिंच लावली की तांब्यावरचं काय सुटतं, हे मला झोपेत विचारा. हंडा मी बघितला होता. हंड्याचं पाणी मी प्यायलो होतो, कौतुक केलं होतं. फिल्टरचं पाणी हंड्यात भर, हे सांगणारा मीच. अक्काने एकही नियम मोडला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या याच.

हे कळल्यावर त्याच क्षणी फोन करायला हवा होता. नाही केला. आज करू, उद्या करू. चूक जितकी उघडी, तितकी जीभ जड. भाऊबीजेला शिंदखेड्याला गेलो, तिने ओवाळलं, शेवभाजी केली, सगळं नेहमीसारखं. पेटीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. मला वाटलं, मिटलं. पुढच्या उन्हाळ्यात म्हटलं, ये. तर म्हणाली, गुडघे दुखतात. यंदा होळीच्या आधीच विचारलं, तर म्हणाली, नातवाची परीक्षा आहे. मी मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

मधल्या काळात पोवळ्याचं एक नवल झालं. तेरा फांद्यांपैकी मागच्या एका फांदीच्या बुडाशी हरभऱ्याएवढा जांभळा ठिपका शिल्लक होता. मी तो पाहिला तेव्हा विश्वास बसला नव्हता. मेलेल्या फांद्या काढून टाकाव्यात असं पुस्तकं सांगतात, मी काढल्या नाहीत. तो ठिपका हळूहळू पसरायला लागला. जुन्या हाडांवरूनच, जणू रस्ता पाठ असल्यासारखा. दर महिन्याला नखाएवढा. आता दोन वर्षांनी तेरापैकी नऊ फांद्या पुन्हा जांभळ्या आहेत. दिवे लागले की फुलं येतात. कुठला भाग मेला होता आणि कुठला नव्याने आला, हे आता मलाही ओळखू येत नाही. नाना-नानी अजून आहेत. नाना अजूनही जास्त खातो, त्याला रागवणारं कुणी नाही. मी एकदा रागवून पाहिलं. रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून कसंतरी झालं, पुन्हा केलं नाही.

सांगायचं हे, की पोवळं परत येतंय म्हणून मला वाटू लागलं होतं, अक्काही येईल. पाणी बदलत राहायचं, वाट बघायची, आपोआप होईल. माणसांचं तसं नसतं हे समजायला मला दोन उन्हाळे लागले. तो कूलरचा वास आला आणि मी ठरवलं, बस झालं. या रविवारी पाणी बदललं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. सकाळची पॅसेंजर पकडली. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, खिडकीतून ऊन चटके देत होतं, आणि मी बोलायची वाक्यं मनात जुळवत होतो, अहिराणीत.

अक्का ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मला बघून टोपली बाजूला सारली, उठायला भिंतीचा आधार घेतला. म्हणजे गुडघे खरंच दुखतात. तेवढ्याने मला उगाच बरं वाटलं. जेवण झालं. घरातली बाकीची मंडळी आडवी झाली. मग मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "अक्का, तवय मनं चुकनं. तांबानं माले माहीत व्हतं. तुले सांगाले पाहिजे व्हतं मी, नही सांगं. आनि वरतून तुलेच बोलनू."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी काय बोलतोय तेच तिला कळत नसावं.

"तुनं कसं चुकनं रे?" ती म्हणाली. "तुना जीवनी चीज व्हती. मना हातखाल मरी गयी. तू नही बोलना असता तरी माले समजेलच व्हतं."

मी पुन्हा सांगितलं. नियम, हंडा, चिंच, सगळं सांगितलं. ती मान हलवत होती, लहान पोराची समजूत काढताना हलवतात तशी. मी म्हटलं, पोवळं परत आलंय, नऊ फांद्या आल्या. तिचा चेहरा उजळला, म्हणाली, "खरंच का? माय वं!" मी म्हटलं, मग चल ना बघायला. आत्ता चल, संध्याकाळच्या गाडीने. आणि तिचा चेहरा जसा उजळला होता, तसाच उतरला.

"नको रे भाऊ. तुना घरमा हात लावाले माले भ्याव वाटस आते. कशाले हात लावसू नि काय मरी जाई, काय सांगता येस?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पाय धरले असते, रडलो असतो, तिने दोन धपाटे घातले असते आणि मिटलं असतं. माझ्यावर रागवायचं कधी तिच्या मनातच आलं नव्हतं. दोन वर्षं ती स्वतःलाच घाबरत होती, आणि ती भीती माझ्या तोंडच्या एका वाक्याने तिच्यात घातली होती. माझ्याजवळ त्याच्यावर उतारा नव्हता. मी लसणाच्या पाकळ्या सोलत बसलो, ती सोलत बसली.

गाडीची वेळ झाली. मी पिशवी उचलली. अक्का म्हणाली, थांब, उन्हाचं जातोस, बाटली भरून देते. माझी रिकामी बाटली घेऊन ती आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी दारात जाऊन बघितलं. ती माठाजवळ उभी होती, एका हातात ओगराळं, दुसऱ्या हातात उघडी बाटली, आणि भरत नव्हती.

माझी चाहूल लागली तशी वळली आणि मला विचारलं, "आमनं पानी चाली ना रे भाऊ तुले?"